कचेरीच्या खिडकीतून दिसणारे कंटाळवाणे गाव

१/
कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले जगातील सर्वांत जुने छायाचित्र कशाचे आहे? त्यात राजा नाही, लढाई नाही, देऊळही नाही. एका घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून दिसणारी छपरे आहेत. कोठाराचा उतार, कबुतरखाना, भटारखान्याचे धुराडे आणि मधूनच डोकावणारे नासपतीचे एक झाड. बस्स, एवढेच. आजचा थ्रेड अशाच छायाचित्रांविषयी आहे. खिडकीतून घेतलेली, कोणालाही सुंदर न वाटणाऱ्या इमारतींची छायाचित्रे. फ्रान्समधून निघून आपण मुंबईमार्गे खानदेशात, दोंडाईच्याला पोहोचणार आहोत. वाट लांब आहे, सवडीने वाचा.

२/
हे छायाचित्र निसेफोर निएप्स याने १८२६ किंवा १८२७ साली फ्रान्समधील सँ-लू-द-व्हारेन या गावी घेतले. साधारण १६ × २० सेंटिमीटरचा, कथिलप्रधान मिश्रधातूचा पत्रा आणि त्यावर डांबरासारख्या पदार्थाचा पातळ लेप. जिथे उजेड पडेल तिथे लेप घट्ट होतो. उरलेला तेलाने धुऊन काढायचा. यासाठी उजेड किती वेळ लागला? जुना अंदाज आठ तासांचा आहे. काही अभ्यासक तर काही दिवस म्हणतात. एवढ्या वेळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, आणि म्हणून चित्रातील समोरासमोरच्या दोन्ही भिंती उन्हात दिसतात. प्रत्यक्षात असे दृश्य कोणत्याही एका क्षणी कोणीही पाहिलेले नव्हते.

हा पत्रा पुढे इंग्लंडमध्ये विस्मृतीत पडून होता. १९५२ साली हेल्मुट गर्नशाइम या छायाचित्रण-इतिहासकाराने तो शोधून काढला. आज तो अमेरिकेत, ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात आहे.

३/
निएप्सने छपरेच का निवडली? त्याला छपरांचे कौतुक होते म्हणून नव्हे. तासन्‌तास न हलणारी वस्तू हवी होती, तिच्यावर भरपूर ऊन हवे होते आणि कॅमेरा एका जागी रोवून ठेवता यायला हवा होता. माणूस हलतो, झाड हलते, घोडा तर हलतोच. इमारत हलत नाही. खिडकी ही पहिली तिवई आणि समोरची इमारत हा पहिला आज्ञाधारक विषय. छायाचित्रणाची सुरुवात अशी केवळ सोयीतून, खिडकीबाहेरच्या नीरस बांधकामापासून झाली.

४/
१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यानेही हेच केले. बुलेव्हार द्यू ताँप्ल हा गजबजलेला रस्ता त्याने वरच्या खिडकीतून टिपला. चित्रात रस्ता ओस पडलेला आहे. गाड्या होत्या, माणसे होती. पण काही मिनिटांच्या त्या अवधीत जे चालत राहिले ते पत्र्यावर उमटलेच नाही. उमटला तो फक्त एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. छायाचित्रात टिपला गेलेला हा बहुधा पहिला मनुष्य. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. पुढे पॅरिसची पुनर्रचना झाली तेव्हा त्या परिसराचा मोठा भाग पाडला गेला.

५/
इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याचे प्रकरण मला अधिक आवडते. १८३५ साली त्याने स्वतःच्या घराची खिडकीच आतून टिपली. जेमतेम टपाल तिकिटाएवढे ते चित्र आज सर्वांत जुनी उपलब्ध निगेटिव्ह मानले जाते. मे १८४३ मध्ये तो पॅरिसला गेला आणि हॉटेलच्या वरच्या खिडकीतून त्याने समोरचा रस्ता टिपला. १८४४ पासून निघू लागलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या आपल्या पुस्तकात त्याने तो छापला आणि त्याखाली एक टिपण लिहिले. रस्त्यावर नुकतेच पाणी शिंपडले आहे, त्यामुळे दोन गडद पट्टे दिसतात. क्षितिजावर धुराड्यांची गर्दी आहे, वगैरे. मग तो सांगतो की या यंत्राला आवडनिवड नाही. अभिजात शिल्पासमोर ठेवा अथवा धुराड्यासमोर, ते दोहोंची नोंद सारख्याच तटस्थपणे घेते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य टिपून ठेवावे, आणि लगेच त्यावर शंकाही घ्यावी. यंत्र तटस्थ असेल. पण यंत्र कोणत्या दिशेला रोखायचे हे माणूस ठरवतो.

६/
आता मुंबईकडे येऊ. ऑक्टोबर १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये लवकरच छायाचित्रणाचा वर्गही निघाला आणि तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार झाले. म्हणजे मराठी माणसाच्या हाती कॅमेरा फार उशिरा आला, हा समज खरा नाही. युरोपात ही विद्या जाहीर झाल्यावर पंधरा-वीस वर्षांत ती येथे शिकवली जात होती.

७/
पण हा कॅमेरा रोखला कशावर गेला? १८५५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना एक हिशेब पटला. प्राचीन वास्तूंची चित्रे काढण्यासाठी चित्रकार नेमण्यापेक्षा छायाचित्रकार स्वस्त पडतो आणि चुकाही कमी करतो. मुंबई इलाख्यात कॅप्टन थॉमस बिग्ज यांची नेमणूक झाली, त्यांच्यामागून डॉ. पिगू आले. विजापूर, ऐहोळे, बदामी, धारवाडकडील देवळे. सरकारी कॅमेऱ्याची दिशा निश्चित झाली: जे जुने, जे भव्य, जे पडझडीला आलेले.

८/
खानदेशाच्या उंबरठ्यावरचे उदाहरण म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. गिल म्हटले की आपल्याकडे पारोची गोष्टच निघते. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ आणि त्यावरील चित्रपट अनेकांना ठाऊक आहे. पण गिल हा छायाचित्रकारही होता, हे सहसा सांगितले जात नाही. १८४४ साली त्याची नेमणूक अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी झाली. त्या रंगीत नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. मात्र १८५० च्या दशकात त्याने कॅमेरा हाती घेतला होता आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघालीही होती. रंगवलेले जळाले, टिपलेले उरले.

गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

९/
पुढच्या पिढीत हेन्री कझन्स आले. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी त्यांनी उभा-आडवा प्रदेश पालथा घातला. त्यांचे ‘मेडिव्हल टेंपल्स ऑफ द दख्खन’ हे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यात साक्री तालुक्यातील बळसाण्याची देवळे आहेत, आणि बळसाणे दोंडाईच्याहून काही फार लांब नाही. म्हणजे सरकारी छायाचित्रकाराची बैलगाडी आमच्या मुलखात येऊन गेली. देवळाचा खांब आला, कमान आली, शिखराचा उरलेला भाग आला. शेजारच्या वस्तीतील घरे आलीच, तर चुकून, काठावर, अस्पष्ट.

१०/
यात कझन्सना दोष देण्यात अर्थ नाही. काचेची प्लेट महाग, तिचे ओझे भारी, आणि काम ठरवून दिलेले. उलट त्यांच्यामुळे कित्येक देवळांचे आजचे रूप पूर्वीच्या रूपाशी ताडून पाहता येते. पण परिणाम लक्षात घ्या. बाराव्या-तेराव्या शतकातील दगडी खांबाचे छायाचित्र आपल्याकडे आहे आणि १९३० सालच्या बाजारपेठेचे नाही. आठशे वर्षांपूर्वीचे देऊळ आपल्याला पणजोबांच्या दुकानापेक्षा जास्त स्पष्ट दिसते.

११/
खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर १८८० साली निघाले, मुंबई इलाख्याच्या मालिकेतील बारावा खंड. पिके, जाती, रस्ते, सारा, बाजार, सगळे शब्दांत आणि आकड्यांत. तो खंड मी बराच वापरला आहे आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु गाव *दिसायचे* कसे, हे त्यातून कळत नाही. तेवढ्यासाठी आपल्याला भिंतीसमोर उभे राहावे लागते, आणि ती भिंत आता नसते.

१२/
दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातील, धुळे जिल्ह्यातील गाव. तालुक्याचे ठाणे शिंदखेड्याला असले तरी बाजार मोठा तो इथला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरतेकडून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा आला आणि पुढे भुसावळशी जोडला गेला. कापूस आणि मिरची यांना गुजरातची वाट मिळाली. स्थानक, वखारी, जिनिंगचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या, त्यांच्यामागे कामगारांच्या खोल्या. रावलांची गढी सोडली तर पर्यटकाने थांबून पाहावे असे त्यात फारसे काही नव्हते. व्यापारी गावाच्या इमारती व्यापारासाठीच असतात. त्यांना कोणी चित्र काढायला येत नाही.

१३/
मग अशा गावाची छायाचित्रे असतातच कुठे? असतात, पण लपलेली. स्टुडिओतील छायाचित्रांचा उपयोग नाही. तिथे पाठीमागे रंगवलेला पडदा असतो आणि पडद्यावर जिना, कमळतळे किंवा ताजमहाल. खरे गाव सापडते ते लग्नाच्या अल्बममध्ये. नवरदेव घोड्यावर असतो आणि त्याच्या फेट्यामागे, जरासे धूसर, किराणा दुकानाचे फळकूट दिसते. पुढाऱ्याच्या मिरवणुकीत, शाळेच्या प्रभातफेरीत, गणपती विसर्जनात गाव असेच मागून डोकावते. आमच्या कितीतरी रस्त्यांचा दृश्य इतिहास हा वरातींचा उपकार आहे.

१४/
जगात इतरत्र मात्र काही लोकांनी हे जाणूनबुजून केले. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या पाडायच्या ठरल्या तेव्हा नगरपालिकेने शार्ल मार्व्हिल याला त्या आधी टिपून ठेवण्याचे काम दिले. १८६० च्या दशकात त्याने चारशेहून अधिक छायाचित्रे घेतली. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिगलिट्झने १९१५ साली आपल्या कलादालनाच्या मागच्या खिडकीतून परसातील भिंती, धुराडी आणि वाळत घातलेले कपडे टिपले. १९३० च्या दशकात मॅडिसन ॲव्हेन्यूवरील दालनाच्या सतराव्या मजल्यावरून तो उभे राहत असलेले मनोरे टिपत राहिला. कामाच्या जागेची खिडकी, तीच चौकट, बदलणारे शहर. आज आपण ज्याला ‘ऑफिसच्या खिडकीतून काढलेला फोटो’ म्हणतो त्याची ही थोर वंशावळ.

१५/
जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींवरील मनोरे, भट्ट्या असे काहीतरी ढगाळ उजेडात, समोरून, कोणताही नाट्यमय कोन न घेता टिपले आणि एकसारखी छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली. १९७५ साली अमेरिकेत रोचेस्टर येथे ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचे प्रदर्शन झाले. त्यात बेखर दांपत्य होते आणि गोदामे, वसाहती, वाहनतळ टिपणारे अमेरिकी छायाचित्रकारही होते. तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांना ते रटाळ वाटले. गंमत अशी, की बेखरांनी टिपलेली कित्येक बांधकामे पुढे खाणी बंद पडल्यावर पाडली गेली आणि ती छायाचित्रे अभ्यासकांसाठी दस्तऐवज झाली.

१६/
महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण घ्या. मुंबईतील बीडीडी चाळी. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. सिमेंट काँक्रीटच्या, एकासारख्या एक, कोणतेही नक्षीकाम नसलेल्या. स्थापत्याच्या पुस्तकात गॉथिक शैलीचे व्हिक्टोरिया टर्मिनस येते, चाळ येत नाही. पण गिरणगावातील कामगार चळवळ, भजनी मंडळे, कबड्डीचे संघ, आंबेडकरी राजकारण हे सगळे या व्हरांड्यांत घडले. आता या चाळी टप्प्याटप्प्याने पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. व्हरांड्याची रुंदी किती होती, दोन दारांत किती अंतर होते, मधल्या नळावर किती बायका उभ्या राहू शकत, हे पुढच्या अभ्यासकाला कोण सांगणार? रहिवाशाने आपल्या दारातून सहज काढलेला फोटो.

१७/
आता दोंडाईचा. माझ्या मावसभावाचे तेथे बाजारपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. विवरणपत्रांचा हंगाम नसला की तो खिडकीतून फोटो काढतो आणि आमच्या कौटुंबिक गटावर टाकतो. आत्याबाई दरवेळी विचारतात, “अरे, यात पाहायचं काय?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. समोर पत्र्याची गोदामे, निळ्या आणि पोपटी रंगाच्या तीन-चार मजली इमारती, काळ्या टाक्या, तारांचे जंजाळ, आणि या सगळ्यांच्या मध्ये खोल कुठेतरी एक मातीचे सपाट छप्पर. एका पावसाळ्यात त्यावर गवत उगवले होते. एम.ए.च्या अभ्यासक्रमात आम्हाला नाणी आणि ताम्रपट वाचायला शिकवतात. तशीच ही चौकट वाचून पाहू.

१८/
प्रथम ते मातीचे छप्पर. खानदेशात त्याला धाबे म्हणतात. भिंतीवर आणि धारणांवर लाकडी सर टाकायचे, त्यावर किलचण बसवायची आणि वरून मातीचा जाड थर चोपायचा. पावसाळ्याच्या आधी त्यावर खारी माती टाकायची. ती पाण्याने घट्ट होते आणि गळती थांबते. आमचा प्रदेश कमी पावसाचा, कडक उन्हाचा. अशा हवेत हे छप्पर घर थंड ठेवते, आणि उन्हाळ्यात वर पापड-कुरडया वाळतात, रात्री अंथरुणे पडतात. घराचा आकार खणांवर मोजायचा, आणि खणाची रुंदी मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवर ठरायची. म्हणजे गल्लीतील घरांची मापे शेवटी जंगलातल्या झाडाने ठरवलेली असत.

‘नियम धाब्यावर बसवणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. त्यातील धाबे हेच, महामार्गावरचे जेवणाचे नव्हे. वर्तमानपत्रात रोज दिसणारा हा शब्द ज्या छपरामुळे आला, ते छप्पर माझ्या वयाच्या शहरी वाचकांपैकी कितींनी पाहिले असेल?

१९/
धाब्याभोवतीच्या सिमेंटच्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या का दिसतात? ‘लोकांना सौंदर्यदृष्टी नाही’ हे उत्तर आळशीपणाचे आहे. सिमेंटचा इतिहास पाहा. स्वातंत्र्यानंतर बराच काळ सिमेंटच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते. घर बांधायचे तर परवाना हवा, कोटा हवा, ओळख हवी. महाराष्ट्राच्या राजकारणात सिमेंट या शब्दाला किती वजन होते हे जुन्या पिढीला विचारा: सिमेंटवाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर, जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्णपणे उठले.

२०/
त्यानंतरच सिमेंटची गोणी तालुक्याच्या दुकानात कोणालाही, केव्हाही मिळू लागली. सागाचे लाकूड तोवर परवडेनासे झाले होते. धाबे दरवर्षी माती मागते आणि माती टाकणारे हात मागते. स्लॅब एकदा टाकला की निदान काही वर्षे काही मागत नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड, त्याच्या वर पुढच्या पिढीचे बिऱ्हाड. गवंडी एकच, सेंट्रिंगच्या फळ्या त्याच, आधी बांधलेल्या शेजाऱ्याचा नमुना डोळ्यासमोर. यातून एकसारखेपणा येणारच. ज्याला आपण कुरूप म्हणतो तो बऱ्याच अंशी पहिल्यांदाच पक्के घर बांधू शकलेल्या कुटुंबांचा इतिहास आहे. तरीही या घरांत उन्हाळा असह्य होतो, हेही खरे. मे महिन्यात दुपारी त्या स्लॅबखाली बसून पाहा.

२१/
इमारतींच्या माथ्यावर सळया उघड्या सोडलेल्या दिसतात. परगावचा पाहुणा विचारतो, काम अर्धवट का ठेवले? अर्धवट नाही, थांबलेले आहे. कापसाला भाव आला, मुलगा नोकरीला लागला, की त्या सळयांवर पुढचा मजला चढतो. एकाच खिडकीतून दहा वर्षे फोटो काढले तर कोणत्या वर्षी कोणाच्या सळया झाकल्या गेल्या हे दिसेल. शेतीच्या अर्थकारणाचा हा एक आलेख आहे, आणि तो कोणत्याही सरकारी खात्याकडे नाही.

२२/
छपरावरच्या वस्तूंवरून काळ ठरवण्याचा खेळही करून पाहा. पुरातत्त्वज्ञ जसे खापरांवरून थर ओळखतात तसे.

प्लॅस्टिकची काळी टाकी दिसली तर चित्र १९७० च्या दशकानंतरचे. गुजरातमधील कलोलच्या एका कापडगिरणीने तेव्हा या टाक्या बाजारात आणल्या आणि त्या ब्रँडचेच नाव पुढे वस्तूचे नाव झाले. माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा अँटेना दिसला तर बहुधा १९८० च्या दशकातील दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकांनंतरचे. छोटी तबकडी असेल तर या शतकातील. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एसटीडी-पीसीओ असेल तर उदारीकरणाच्या आगेमागे. फलक हाताने रंगवलेला की फ्लेक्सचा, हेही पाहा. फ्लेक्सने पेंटरांची एक पिढी बेकार केली आणि तिच्याबरोबर मराठी अक्षरांची वळणेही गेली.

आणि एखाद्या जुन्या दगडी पाटीवर ‘पश्चिम खानदेश’ असे दिसले, तर आनंदाने उडी मारा. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास पश्चिम खानदेशाचे नाव धुळे झाले. ती पाटी त्या अर्धशतकातील आहे.

२३/
कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पुराव्याची काळजी कशाला? काळजी दोन आहेत. पहिली अशी की फोन बदलला, बिघडला, हरवला की फोटो जातात. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. फोनने काढलेल्या मूळ फोटोच्या फायलीत तारीख, वेळ, कधी कधी ठिकाणही नोंदलेले असते. व्हॉट्सॲपवर तो नेहमीच्या पद्धतीने फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. उरते ते तारखेविना, ठिकाणाविना एक चित्र. म्हणजे मिती आणि ठिकाण फाटून गेलेले पत्र.

२४/
आणि असे पत्र म्हटले की धुळ्यात बसलेल्या कोणत्याही इतिहास-विद्यार्थ्याला वि. का. राजवाडे आठवतातच. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून त्यांनी दप्तरे मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे त्यांची संख्या बावीसपर्यंत गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि लगोलग, जानेवारी १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्यांच्या घरात ते कागद होते त्यांना ते कचरा वाटत होते. कोणा फडणिसाने लिहिलेला रोजचा हिशेब इतिहास आहे, हे त्या फडणिसालाही वाटले नसेल.

माझा मावसभाऊ स्वतःला फडणीस समजत नाही. मी त्याला एवढेच सांगितले आहे, की फोटो गटावर टाक, पण मूळ फाईल पुसू नकोस.

२५/
एक उत्तर नेहमी ऐकू येते: गूगलवर सगळे रस्ते आहेत की! नाहीत. भारतात स्ट्रीट व्ह्यूचा पहिला प्रयत्न २०११ साली बंगळुरूत झाला आणि पोलिसांच्या आक्षेपानंतर थांबला. जुलै २०२२ मध्ये ही सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा घोषित केलेली शहरे दहा होती. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते. खानदेशातील एकही नव्हते. कझन्सच्या काळी देऊळ नसलेले गाव वगळले गेले, आमच्या काळी बाजारपेठ छोटी असलेले गाव मागे राहिले. अशा गावांचा दृश्य पुरावा तयार करायचा तर तो तेथे राहणाऱ्यांनाच करावा लागेल.

२६/
ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. खिडकी एकच ठेवा आणि चौकट शक्य तितकी तीच ठेवा. महिन्यातून एकदा पुरे. सकाळचे तिरपे ऊन चांगले, पण ढगाळ दिवस अधिक चांगला. सावल्या कमी पडतात आणि भिंतीवरची अक्षरे वाचता येतात. फिल्टर नको. तारा, टाक्या, कचरा कापून टाकू नका. उद्याच्या अभ्यासकाला बहुधा तेच हवे असेल. तारीख, मजला आणि खिडकी कोणत्या दिशेला उघडते हे एका वहीत लिहा. वही फोनपेक्षा जास्त टिकते. समोरच्या घरातील माणसे, त्यांचे अंगण, न्हाणीघर चौकटीत येत असेल तर कोन बदला. तेथे इतिहासापेक्षा शेजारधर्म मोठा. इमारतीच्या फोटोची मात्र धास्ती नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र घेणे आणि प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही.

२७/
शेवटी एक विनंती. दोंडाईचा, शिंदखेडा, नंदुरबार, अमळनेर या पट्ट्यातील कोणाच्या घरी १९९० पूर्वीचा लग्नाचा अल्बम असेल, तर त्यातील वरातीचे फोटो काढून नवरा-नवरीच्या मागे पाहा. धाब्याचे घर, जिनिंगचे धुराडे, स्थानकाची जुनी इमारत, हाताने रंगवलेला फलक, जे दिसेल ते. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलने काही लिहिले असेल तर त्या बाजूचाही फोटो घ्या. आणि घरातील सर्वांत वडील माणसाला विचारा, की वरात कोणत्या गल्लीतून निघाली होती. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, अहिराणीत असेल तर अहिराणीत, खाली लिहा.